वेल्स : शेतीचा कायदा कोणी करायचा?

अधिकारांचे हस्तांतरण म्हणजे काय, हे नुसती कलमे वाचून लक्षात येत नाही. त्यासाठी वेल्समधील शेतमजुरीचा वाद पाहा.

पार्श्वभूमी : १९५७ मध्ये ब्रिटिश संसदेने लिव्हरपूल शहराला पाणी पुरवण्यासाठी वेल्सच्या ट्रिवेरिन खोऱ्यात धरण बांधण्यास मंजुरी दिली. वेल्सच्या बहुतेक खासदारांचा विरोध होता, तरीही १९६५ मध्ये कापेल केलिन हे गाव पाण्याखाली गेले. आपल्या जमिनीचा निर्णय आपण घ्यावा, या मागणीला तेथून बळ मिळाले. १९९७ च्या सार्वमतात ५०.३ टक्के मतांनी ती निसटती मान्य झाली आणि १९९९ मध्ये विधानसभा अस्तित्वात आली. ठरलेल्या विषयांवर स्वतंत्रपणे कायदे करण्याचा अधिकार मात्र २०११ च्या सार्वमतानंतर मिळाला.

कसोटी : शेतमजुरांचे किमान वेतन ठरवणारे मंडळ ब्रिटिश सरकारने २०१३ मध्ये रद्द करण्याचे ठरवले. वेल्सने वेतनसंरक्षण टिकवणारे विधेयक मंजूर केले. हा विषय रोजगाराचा असून तो वेल्सकडे सोपवलेलाच नाही, असा आक्षेप घेत ब्रिटनच्या महान्यायवादींनी ते सर्वोच्च न्यायालयात नेले. जुलै २०१४ मध्ये न्यायालयाने निकाल दिला : विधेयकाचा शेतीशी खराखुरा संबंध असेल, तर ते रोजगारालाही स्पर्श करते एवढ्यावरून अवैध ठरत नाही. शेतमजुरांचे संरक्षण टिकले.

पुढील प्राधान्यक्रम : २०१५ च्या नियोजन कायद्याने विकास आराखडे करताना वेल्श भाषेवरील परिणाम तपासणे आवश्यक केले. त्याच वर्षी भावी पिढ्यांच्या हिताचा कायदा झाला. २०१६ च्या पर्यावरण कायद्याने कार्बन उत्सर्जन घटवण्याची उद्दिष्टे बंधनकारक केली. २०२३ च्या कृषी कायद्याने शेतीसाहाय्याची सांगड शाश्वत जमीन व्यवस्थापनाशी घातली. मात्र सत्ता जवळ आली म्हणून वाद संपत नाहीत. दहा टक्के जमिनीवर झाडे असावीत, या अटीविरुद्ध २०२४ मध्ये शेतकरी कार्डिफमध्ये आपल्याच सरकारसमोर उभे राहिले. पुढे ती सक्ती मागे घेण्यात आली.

विचार करा : आपल्या सातव्या अनुसूचीत शेती राज्यसूचीत आहे, तर अन्नधान्याचा व्यापार समवर्ती सूचीत. केंद्राने २०२० चे कृषी कायदे व्यापाराच्या आधारे केले. वेल्सप्रमाणे येथेही वाद विषयाला नाव कोणते द्यायचे याचाच नव्हता का?