भिंतीवरचे झाड

श्रोतेहो, कल्याणच्या खाडीकाठी दुर्गाडीच्या टेकडीवर कधी गेलात, तर जुन्या तटाचे दगड अंमळ निरखून पाहा. अशा जुन्या भिंतींच्या फटींत पिंपळाचे एखादे चार पानांचे रोप डोलताना हमखास आढळते. दिसायला किती गोजिरवाणे! पण किल्ल्याचा खरा शत्रू तोच, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते.

१६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण घेतले आणि पुढे येथे दुर्गाडी उभा राहिला. महाराजांच्या दुर्गनीतीचे सार रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आले आहे. ते १७१५ च्या सुमाराचे. त्यात मोठी मौजेची गोष्ट आहे. गडावर आंबे, फणस, चिंचा, वड, पिंपळ लावून जतन करावेत असे पंत सांगतात. आणि तटात उगवणारी झाडे मात्र वरचेवर कापून काढावीत, असेही बजावतात. म्हणजे वैर पिंपळाशी नाही, त्याच्या जागेशी आहे.

हे असे का? पाखरू फळ खाते, बी फटीत पडते. मूळ जाडावते, सांधा उकलतो. त्या वाटेने पावसाचे पाणी आत शिरते, माती फुगते आणि भिंत पोट काढते. आता तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे किल्ला राखायचा आहे? पण ठाण्याच्या येऊरखाली, मुंब्र्याच्या उतारावर किंवा आपल्या गावी घरामागची माती अडवायला आपण गडगा घालतोच की! माझ्या अंगणामागचा असाच गडगा एका पावसाळ्यात फुगला. गवंडी बोलावला. तो म्हणाला, "मास्तर, पाण्याला वाट ठेवली नाहीत, आणि वर उंबर वाढू दिलात." इतिहास शिकवणाऱ्याला हा धडा गवंड्याकडून घ्यावा लागला!

मग अशा भिंतीवर लावावे काय? चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कोरड, हे आपले हवामान. दोन्ही सोसणारे आणि मुळाने दगड न फोडणारे रोप हवे. फटीतल्या मुठीभर मातीत कोरफड आणि पानफुटी तग धरतात. सावलीच्या बाजूला पावसाळ्यात नेचे आपोआप येतात. त्यांना राहू द्यावे. माथ्यावर हरळी माती धरून ठेवते. भिंतीच्या मागे, हातभर अंतर सोडून, वाळ्याची ओळ लावावी. वाळ्याची मुळे आडवी न पसरता सरळ खोल जातात. म्हैसूरकडच्या गुंडलुपेट भागातले शेतकरी फार पूर्वीपासून बांधावर वाळा लावीत आले. १९८० नंतर जागतिक बँकेच्या शेती-तज्ज्ञांनी तीच युक्ती देशोदेशी नेली.

मात्र 'निगा नको' म्हणून वाटेल ते लावू नये. अमेरिकेतून आलेला निवडुंग कुंपणाला बरा म्हणून लोकांनी लावला. तो दख्खनच्या रानांत असा माजला की १९२६ च्या सुमारास त्याला खाणारा किडा सिलोनहून आणावा लागला. घाणेरीचीही तीच कथा. शोभेचे झुडूप म्हणून आली आणि रान खाऊन बसली. ज्या झाडाला निगा लागत नाही, ते कुठे थांबेल हेही आधी पाहावे.

राहिला पिंपळ. तो तोडायला आपला हात धजत नाही, आणि त्यात काही गैर नाही. म्हणूनच तो लहान असताना हलवावा. श्रावण-भाद्रपदात माती ओली असते, तेव्हा कोवळे रोप मुळासकट हाती येते. उशीर केला, तर खोड कापले तरी मूळ आत राहते आणि पुन्हा फुटते.

शिक्षक बंधुभगिनींनो, येत्या पावसाळ्यात मुलांना घेऊन शाळेच्या भिंतीभोवती एक फेरी मारा. कुठे पोट आले आहे, पाणी जायची भोके बुजली आहेत का, हे त्यांना पाहू द्या. फटीतले रोप अलगद काढून मोकळ्या जागेवर, जिथे पुढे पार बांधता येईल तिथे लावा. पंतांच्या दोन्ही आज्ञा एकाच दिवशी पाळल्यासारखे होईल.