सुईण, नाळ आणि नवे पाते

मालवण किनाऱ्यावरील एखाद्या आजीला तिच्या जन्माविषयी विचारले, तर ‘घरीच, सुईणीच्या हातून’ असे उत्तर आपल्याला पुष्कळदा मिळते. सुईणीचा हात अनुभवी असे. धोका होता तो सारवलेल्या जमिनीत आणि घरातल्या पात्यात. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू माती-शेणात असतात; पाणी उकळूनही ते हमखास मरत नाहीत. नाळेच्या जखमेतून ते शिरले, की बाळ काही दिवसांतच दगावे.

१९७७ च्या ग्रामीण आरोग्य योजनेत देशभर दाईंना शिक्षण देण्याचे ठरले. या शिक्षणात पुढे एक सूत्र रुजले: हात, जागा, पाते, दोरा आणि नाळ स्वच्छ हवी. जोडीला गरोदर स्त्रीला लस. तिच्यामुळे तयार झालेली प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेने दवाखान्यातील बाळंतपणाला चालना दिली. २०१५ मध्ये भारतातून नवजातांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले.

निर्मूलन म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. बीजाणू मातीत आहेतच. म्हणून लस थांबवता येत नाही. घरातले जुने पाते गेले ते योग्यच झाले. पण बाळंतिणीच्या पाठीवरचा सुईणीचा धीराचा हात? त्याची जागा दवाखान्यातही राखायला हवी, असे आम्हाला वाटते.