‘टेक’ : मुक्त संहिता, राखलेले नाव

‘मुक्तस्रोत’ या कल्पनेस इंग्रजीत आजचे नाव मिळाले ते १९९८ साली; परंतु सर्वांच्या हाती असलेली संहिता बदलण्याचा अधिकार कोणाचा, हा तिच्या मुळाशी असलेला प्रश्न अक्षरजुळणीच्या एका आज्ञावलीने त्यापूर्वीच उपस्थित केला होता. १९७७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील डोनाल्ड क्नूथ यांच्या हाती स्वतःच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी मुद्रिते आली. खिळ्यांची जागा छायाक्षरजुळणीने घेतली होती. पानाचे ते रूप पाहून क्नूथ इतके खिन्न झाले की, जुळणीची आज्ञावली त्यांनी स्वतःच लिहावयास घेतली. तीच ‘टेक’. १९८६ साली तिची समग्र संहिता भाष्यासह ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आज्ञावली ही माणसाने वाचावयाची कृती आहे, हा क्नूथ यांचा आग्रह साहित्याच्या अभ्यासकांनी अद्याप पुरेसा मनावर घेतलेला नाही.

युरोपीय भाषकांना १२८ चिन्हे अपुरी पडत. १९९० च्या तिसऱ्या आवृत्तीत ती २५६ झाली. त्यानंतर क्नूथ यांनी ‘टेक’ गोठवले. पुढे केवळ दोषदुरुस्ती व्हावी, आवृत्तीचा क्रमांक ‘पाय’च्या मूल्याकडे सरकत जावा आणि आपल्या मृत्यूनंतर उरलेले दोषही संहितेचे अंग मानले जावेत, असे त्यांनी ठरविले. संहिता घेऊन काहीही नवे घडविण्यास मज्जाव नव्हता. बदललेल्या कृतीस ‘टेक’ म्हणावयाचे नाही, एवढीच अट होती. १५८४ साली ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करून तीत नवी ओवी घालू पाहणाऱ्यास बजावणाऱ्या एकनाथांचे येथे स्मरण व्हावे. मात्र नाथांना प्रक्षेप थांबवावयाचा होता. क्नूथ यांनी त्याला दुसरे नाव घेऊन जगण्याची मुभा दिली.

देवनागरीच्या वाट्यास हीच मुभा आली. जोडाक्षरे आणि व्यंजनाआधी लिहिला जाणारा ऱ्हस्व इकार यांचा उलगडा २५६ चिन्हांनी होण्याजोगा नव्हताच. ग्रोनिंगेन विद्यापीठातील फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१ मध्ये क्नूथ यांच्याच ‘मेटाफाँट’ या अक्षरघडणीच्या आज्ञावलीच्या साहाय्याने देवनागरी वळणे सिद्ध केली आणि रोमन लिपीत टंकलेला मजकूर आधी पालटून मग ‘टेक’च्या स्वाधीन करणारी लहानशी आज्ञावली रचली. मूळ संहितेस त्यांनी हात लावला नाही. देवनागरी जणू दुभाष्यामार्फत आत गेली. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांच्या ‘झीटेक’ने युनिकोडमधील मजकूर थेट स्वीकारला, तोही अर्थातच निराळ्या नावाने. तीन दशकांपूर्वीचा लेख आजही त्याच ठिकाणी ओळ तोडतो, ही गोठवणुकीची मिळकत खरी. पण मूळ ‘टेक’ला देवनागरी अजूनही स्वतःहून वाचता येत नाही.