पर्वतीवरून पाहिलेले पुणे

पुण्याला येण्याचा प्रसंग प्रत्येकाला केव्हा ना केव्हा येतोच. कुणाचा खटला असतो, कुणाला दवाखाना गाठायचा असतो, कुणाचा मुलगा कॉलेजात असतो. काम उरकले आणि गाडीला अवकाश असला की माणूस विचारतो, "इथं बघण्यासारखं काय आहे हो?" लोक शनिवारवाड्याकडे बोट दाखवतात. शनिवारवाडा पाहा, जरूर पाहा. पण आत गेल्यावर तट, दरवाजे आणि जोती एवढेच हाती लागते. सन १८२८ च्या आगीने आतला वाडा नाहीसा केला. तेव्हा माझे सांगणे असे, की सकाळची वेळ धरा आणि आधी पर्वती चढा. शाळेची सहल आणणाऱ्या गुरुजींना तर हे आग्रहाने सांगावेसे वाटते. शहराचा इतिहास पुस्तकात तुकड्यातुकड्यांनी वाचावा लागतो. इथे तो एका नजरेत मांडून ठेवलेला आहे. मात्र उंचावरून काय दिसते याच्याइतकेच काय दिसत नाही, हेही इथे शिकायला मिळते.

टेकडी तशी फार मोठी नाही. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे २१०० फूट, पण पुणे शहरच अठराशे-साडेअठराशे फुटांवर वसलेले. म्हणजे प्रत्यक्ष चढण अडीचशे फुटांच्या आसपास. पायऱ्या १०३. त्या रुंद आहेत, पसरट आहेत, एकेका पायरीवर दोन-दोन पावले टाकावी लागतात. हत्तीला चढता यावे म्हणून त्या अशा बांधल्या, असे सांगतात. म्हाताऱ्या माणसांनी उगाच धास्ती घेऊ नये. बसत-उठत गेले तरी पाऊण तासात वर पोचता येते.

वरचे देवदेवेश्वराचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी सन १७४९ मध्ये उभारले. त्याआधीही टेकडीवर देवीचे ठाणे होते. नानासाहेबांच्या मातोश्री काशीबाई यांच्या पायाचे दुखणे या देवीच्या कृपेने बरे झाले, म्हणून मुलाने मंदिर बांधले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका आख्यायिकेच्या जागी राहू द्या. पण मंदिराचा काळ ध्यानात घ्या. सातारचे शाहू महाराज सन १७४९ च्या डिसेंबरात वारले आणि राज्यकारभाराचे केंद्र साताऱ्याहून पुण्याकडे सरकले. पुणे मोठे होऊ लागले ते याच सुमारास, आणि नव्या राजधानीला जे जे लागते ते नानासाहेबांनी हौसेने केले.

त्यातली पहिली गोष्ट पाणी. शेतकरी मंडळींना हे अधिक समजेल. कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी जमिनीखालून बांधीव नळाने शहरात आणले, वाड्यांत खेळवले, आणि लोकांसाठी ठिकठिकाणी हौद बांधले. कात्रजहून निघणाऱ्या आंबील ओढ्याला पर्वतीच्या पायथ्याशी अडवून तळे केले. मध्ये बेट राखले. त्या बेटावरचा गणपती तो 'तळ्यातला गणपती'. आज वरून पाहाल तर तळे दिसणार नाही. पुढे ते आटवून बाग झाली, तीच सारसबाग. नाव मात्र लोकांच्या तोंडी तळ्याचेच राहिले. गुरुजी, मुलांना विचारा, पाणी नाही तर 'तळ्यातला' का म्हणतात? अशा एका नावाच्या धाग्याने अडीचशे वर्षे मागे जाता येते.

पायथ्याला रमणा होता. श्रावणात देशोदेशींचे ब्राह्मण जमत, त्यांना त्या आवारात घेऊन पेशव्यांची दक्षिणा वाटली जाई. राज्य गेल्यावर त्या पैशाचे रूप पालटले. एल्फिन्स्टनने १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली ती या निधीतून. पुढे पुण्यातल्या सुधारकांनी, दक्षिणेतला काही भाग मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा, असा अर्ज १८४९ साली केला, आणि त्यावरून शहरात मोठी खळबळ उडाली. हा विषय स्वतंत्र आहे, इथे एवढेच पुरे.

मंदिर बांधून बारा वर्षे होतात न होतात तोच पानिपत झाले. १४ जानेवारी १७६१. थोरला मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ दोघेही पडले. नानासाहेब तेव्हा मदतीसाठी उत्तरेकडे निघाले होते. वाटेतच बातमी आली. ते परतले ते खचूनच, आणि २३ जून १७६१ रोजी याच पर्वतीवर त्यांनी देह ठेवला. वय जेमतेम चाळीस. इथून उत्तरेला नजर टाकली की सदाशिव पेठ दिसते. ही पेठ भाऊसाहेबांच्या नावाने वसवलेली. अखेरच्या दिवसांत त्या माणसाला काय वाटले असेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आता उत्तरेच्या बाजूलाच उभे राहा. तिथल्या तटातली एक खिडकी दाखवतात. सन १८१७ च्या नोव्हेंबरची ५ तारीख. शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव इथे होता आणि त्याची फौज बापू गोखल्यांच्या हाताखाली खडकीकडे निघाली होती. सरळ रेषेत धरले तर रणभूमी इथून दोन कोसांवर, गणेशखिंडीच्या पलीकडच्या मैदानात. संगमावरची रेसिडेन्सी सोडून एल्फिन्स्टन आपल्या पलटणीला जाऊन मिळाला होता. मागे मराठ्यांनी रेसिडेन्सीला आग लावली. इंग्रजांचे सैन्य तीन हजारांच्या आतबाहेर आणि पेशव्यांचे त्याच्या कितीतरी पट. वरून पाहणाऱ्याला काय वाटले असेल सांगा बरे! मैदान घोडेस्वारांनी भरून गेले आहे, निशाणे फडकताहेत, तोफांचा धूर उठतो आहे. लढाई जिंकल्यातच जमा.

पण घोडदळाने एल्गार केला तो इंग्रजांच्या फळीपुढच्या दलदलीत अडकला. घोडे रुतले, पुढचे पडले, मागचे त्यांच्यावर आदळले, आणि समोरून बंदुकांचा मारा सुरू झाला. जरीपटका वागवणारे मोरोपंत दीक्षित पडले. आता ती दलदल दोन कोसांवरून, टेकडीवरून कशी दिसावी? चिखल ज्याच्या पायाखाली असतो त्यालाच तो कळतो. वळवाच्या पावसानंतर गाडी रानात घालणाऱ्याला हे सांगायला नको. बापू गोखले मैदानात होते. पुढे २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीला लढता लढता ते पडले. धनी मात्र टेकडीवर होता. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. ३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला आणि सालिना आठ लाखांचा तनखा घेऊन बिठूरला जाऊन राहिला, तो १८५१ पर्यंत जगला. बाजीरावाला नुसती नावे ठेवून भागत नाही, राज्य पोखरले होते ते एका माणसाने नव्हे, हे खरे. तरी या खिडकीशी उभे राहिले की त्याची बाजू घेणे जड जाते.

इथवरचा इतिहास बहुतेक वाटाडे सांगतात. पुढची हकीकत क्वचित कानी पडते, म्हणून ती जरा सावकाश सांगतो.

तुम्ही चढून आलात त्या १०३ पायऱ्या सगळ्यांना मोकळ्या नव्हत्या. पुणे पाहायचे तर माणसाने पर्वतीवर जावे असे सगळे म्हणत. पण अस्पृश्य म्हणून ज्यांना गावाबाहेर ठेवले होते त्यांना वरच्या देवळाचे दार बंद होते. हे आपल्यापैकी कुणाच्या आजोबांच्या, पणजोबांच्या आठवणीतले आहे, फार जुने नाही. महाडचा सत्याग्रह १९२७ साली झाला. त्यानंतर पुण्यात हालचाल सुरू झाली. देवस्थानच्या पंचांकडे मागणी केली, ती नाकारली गेली. मग १३ ऑक्टोबर १९२९ रोजी सत्याग्रही या पायऱ्या चढू लागले. त्यांत शिवराम जानबा कांबळे होते. 'सोमवंशीय मित्र' हे पत्र चालवणारे, वीस-पंचवीस वर्षे अर्ज-विनंत्या करून थकलेले पण हटलेले नाहीत, असे गृहस्थ. पां. ना. राजभोज होते. त्यांच्या बरोबरीने सवर्ण समाजातले विनायकराव भुस्कुटे, काकासाहेब गाडगीळ आणि पंचविशीही न गाठलेले एस. एम. जोशी होते. दरवाजे बंद केले गेले. वर जमलेल्या विरोधकांनी दगडफेक केली. राजभोज जखमी झाले, एस. एम. यांनाही मार बसला. सत्याग्रहींनी हात उचलला नाही. मुंबईला सभा होऊन डॉ. आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला.

२० जानेवारी १९३० पर्यंत सत्याग्रह चालला आणि दार न उघडताच थांबला. मार्चमध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मुंबई इलाख्यात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला तो १९४७ साली, आणि २६ जानेवारी १९५० पासून तर राज्यघटनेनेच अस्पृश्यता बंद केली. म्हणजे पायथ्यापासून दारापर्यंतची ही पाऊण तासाची वाट चालायला किती वर्षे लागली, त्याचा हिशेब मुलांकडून फळ्यावर करवून घ्या. १७४९ मांडा, १९४७ मांडा, वजाबाकी करू द्या.

खाली उतरण्यापूर्वी एकदा चौफेर पाहून घ्यावे. हवा स्वच्छ असली तर नैऋत्येला सिंहगड दिसतो. त्याच अंगाला खडकवासला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे आणि त्यापाठोपाठ खडकवासल्याचे धरण फुटले आणि मुठेचे पाणी पेठांतून शिरले, तेव्हा लोक लेकरेबाळे घेऊन मिळेल त्या उंच जागेकडे धावले, पर्वतीकडेही आले. त्या दिवशी वर कोण येतो आहे, हे कुणी विचारले नाही. पूरग्रस्तांसाठी पुढे वसाहती झाल्या, त्यांतले सहकारनगर इथेच पायथ्याशी आहे. आणि टेकडीच्या उतारावर पत्र्यांची, विटांची दाटी दिसते ती जनता वसाहत. गावाकडून पोटासाठी आलेली माणसे अशाच वस्त्यांतून राहतात. तुमच्या गावचे कुणी तिथे असेल, तर पत्ता आधी लिहून आणा. उतरताना भेट घेता येईल, गाडीला तोवर वेळ असतोच.