बच्चू ते सॅम : गोष्ट सांगायची कोणी?

१/१२
११ ऑगस्ट २०१७ रोजी नेटफ्लिक्सवर 'अटिपिकल' ही अमेरिकी मालिका सुरू झाली. नायक सॅम गार्डनर, वय १८, स्वमग्न. पेंग्विन आणि अंटार्क्टिका हा त्याचा ध्यास; आपलीही कुणी प्रेयसी असावी ही इच्छा. मालिका हसवते आणि रडवतेही. तिचे खरे वेगळेपण मात्र निवेदनात आहे. सॅमची गोष्ट सॅम स्वतः सांगतो. इतकी साधी बाब घडून येण्यास पाऊण शतक लागले. त्या पाऊण शतकाचा हा धांडोळा.

२/१२
शब्द येण्यापूर्वीही स्वमग्न माणसे होतीच. धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील माकणी घ्या. तेरणेवरील धरणामुळे हे गाव ओळखले जाते. अशा गावात नजरेला नजर न देणारे, एकच खेळ तासन्‌तास खेळणारे लेकरू जन्मले, तर कुणी त्याला 'येडं' म्हणे, कुणी 'खुळं', कुणी 'देवाचं लेकरू'. स्वमग्न म्हणून त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होणे शक्य नव्हते. ज्याला नाव नाही त्याचा कागद नाही; ज्याचा कागद नाही त्याचा इतिहास लिहिणे अवघड.

३/१२
'ऑटिझम' हा शब्द विसाव्या शतकाच्या आरंभी स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी घडवला, तोही स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी. १९४३ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेतील लिओ कॅनर यांनी ११ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि ही स्वतंत्र अवस्था असल्याचे मांडले. ग्रीक 'ऑटोस' म्हणजे 'स्व'. मराठीतील 'स्वमग्नता' हा शब्द त्याच अर्थावर उभा आहे.

४/१२
नाव मिळाले आणि पाठोपाठ आरोप आला. आईच्या मायेत ओलावा नाही म्हणून मूल असे झाले, हा समज पुढील दोन दशकांत पसरला. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने त्यास बळ दिले. त्यापूर्वीच, १९६४ मध्ये, मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी या अवस्थेचे मूळ जैविक असल्याचे प्रतिपादन केले होते. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. विज्ञानाने रिमलँड यांना दुजोरा दिला. 'आईचंच लक्ष नव्हतं' हा शेरा मात्र अजून सरलेला नाही.

५/१२
मराठी रंगभूमीवर अशा घराची गोष्ट जयवंत दळवी यांच्या 'नातीगोती' नाटकाने सांगितली. त्यातील बच्चू स्वमग्न नव्हे, तर तत्कालीन भाषेत 'मतिमंद'. या दोन अवस्था भिन्न आहेत. घराची ओढाताण मात्र तीच. काटदरे पतिपत्नींच्या साऱ्या बोलण्याच्या तळाशी एकच प्रश्न असतो : आपल्यामागे याचे कसे होणार? येथे बोलतात ते आईबाप. गोष्ट बच्चूविषयी आहे, बच्चूची नाही.

६/१२
या नाटकात वडिलांची भूमिका करणारे दिलीप प्रभावळकर १९९१ च्या 'चौकट राजा' चित्रपटात स्वतः नंदू झाले. लहानपणीच्या अपघाताने नंदूची बौद्धिक वाढ थांबलेली. सुलभा देशपांडे त्याच्या आईच्या भूमिकेत. संजय सूरकर यांच्या या चित्रपटात नंदूचा हट्ट, त्याची मैत्री, त्याचा आनंद मध्यभागी आला. बच्चूपासून नंदूपर्यंत हे एक पाऊल पुढे होते.

७/१२
याच सुमारास जगाच्या मनात स्वमग्नतेचे एक वेगळे चित्र ठसले. १९८८ च्या 'रेन मॅन'मध्ये डस्टिन हॉफमन यांनी साकारलेला रेमंड आकडेमोडीत अचाट होता. हॉफमन यांना ऑस्कर मिळाले आणि 'स्वमग्न म्हणजे अलौकिक बुद्धीचा' असा नवा गैरसमज रूढ झाला. हिंदीत 'माय नेम इज खान' (२०१०) आणि 'बर्फी' (२०१२) आले. स्वमग्न पात्रे पडद्यावर आली, पण ती साकारली नामवंत ताऱ्यांनी.

८/१२
पडद्याबाहेर कायदा याच वाटेने चालला होता. अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते. स्वमग्नता त्यांत नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला प्रथमच स्थान दिले आणि सज्ञान झालेल्या व्यक्तीसाठी पालक नेमण्याची सोय केली. काटदऱ्यांच्या प्रश्नाला राज्यव्यवस्थेने दिलेले हे उत्तर होते. पण तेही आईबापांच्याच प्रश्नाचे उत्तर होते.

९/१२
२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने प्रकार २१ केले; स्वमग्नता त्यांत आहे. त्याचे कलम १४ 'मर्यादित पालकत्व' सांगते. निर्णय पालकाने एकट्याने घ्यायचा नाही. परस्पर विश्वासाने, त्या व्यक्तीसह घ्यायचा. हा कायदा एप्रिल २०१७ मध्ये लागू झाला. चारच महिन्यांनी सॅम पडद्यावर बोलू लागला. दोहोंचा परस्परांशी संबंध नाही, पण काळाचा कल एकच आहे.

१०/१२
सॅमच्या घरात कोणी देवमाणूस नाही. मुलाचे निदान झाल्यावर वडील काही महिने घर सोडून गेले होते; आई पंखाखालून सोडायला तयार नाही; धाकटी बहीण केसी त्याला चिडवते आणि त्याच्यासाठी भांडतेही. मालिकेवर टीकाही झाली. सॅमची भूमिका करणारे कीअर गिलख्रिस्ट स्वमग्न नाहीत, हा पहिल्या पर्वावरील मुख्य आक्षेप. दुसऱ्या पर्वात सॅमच्या गटातील मित्रमैत्रिणींसाठी स्वमग्न कलावंत घेतले गेले. चार पर्वे आणि ३८ भागांनंतर २०२१ मध्ये मालिका संपली.

११/१२
कॅनर यांच्या ११ मुलांतील पहिला डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपीतील फॉरेस्ट या छोट्या गावचा. लहानपणी काही वर्षे तो एका शेतकरी दांपत्याकडे राहिला. त्याला मोजण्याचे वेड होते, म्हणून त्यांनी त्याला विहीर खणून तिची खोली मोजायला लावली. मक्याच्या ओळी तो पुनःपुन्हा मोजत असे, तेव्हा त्यांनी त्याच्या हाती नांगर दिला : ओळी मोज, पण नांगरता नांगरता मोज. कॅनर १९४५ मध्ये त्या शेतावर गेले आणि घोडा व नांगर सहज सांभाळणारा डोनाल्ड पाहून चकित झाले. पुढे त्याने गावच्या बँकेत नोकरी केली, गाडी चालवली, देशोदेशी प्रवास केला. २०२३ मध्ये, ८९ व्या वर्षी तो वारला.

१२/१२
त्या शेतकऱ्यापाशी ना पदवी होती ना निदानाचा शब्द. मुलाचे वेड मोडण्याऐवजी त्याने ते कामाला जोडले. माकणीतील लेकराला आज नाव आहे आणि कागदही आहे. ४० मुद्द्यांच्या भारतीय मापनश्रेणीवर तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळू शकते. दिव्यांगत्व किमान ४० टक्के ठरल्यास कायद्याने १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्कही आहे. म्हणजे त्याचा इतिहास आता लिहिता येईल. तो त्याच्याविषयी असेल की त्याचा स्वतःचा, हे मात्र त्याच्या शेजारी बसून त्याचे ऐकणाऱ्यांवर अवलंबून आहे.