पाण्याखालचा पहारा



कंधारच्या किल्ल्याचा खंदक आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. पूर्वी पाणी किल्ल्याचे रक्षण करी. आता रक्षण करणारेच पाण्याखाली जाऊन बसले आहेत. त्यांची ही हकीकत.

साध्या पाणबुडीला बॅटऱ्या भरण्यासाठी डिझेल-यंत्र चालवावे लागते आणि त्या यंत्राला हवा लागते. म्हणून तिला वरचेवर पृष्ठभागाशी यावे लागते, आणि तेथेच ती सापडण्याचा धोका असतो. अणुभट्टीला हवेची गरज नाही. अशी पाणबुडी महिनेच्या महिने खाली राहू शकते. तिच्या मुक्कामाला मर्यादा पडते ती माणसांच्या शिध्याची. अमेरिकेने १९५४ साली 'नॉटिलस' पाण्यात उतरविली आणि १९६० साली 'जॉर्ज वॉशिंग्टन'वरून पाण्याखालून क्षेपणास्त्र सोडून दाखविले.

आपली 'अरिहंत' २६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणमला पाण्यात उतरली. तिची भट्टी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने आखली. बोटीच्या अरुंद पोटात मावेल अशी भट्टी करणे सोपे नव्हते. म्हणून तशीच एक भट्टी आधी कल्पक्कमला जमिनीवर चालवून पाहिली. बोटीतील भट्टी २०१३ साली सुरू झाली आणि २०१६ साली 'अरिहंत' नौदलात दाखल झाली.

विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा पहिला मोठा कारखाना काढला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. तेथील 'जलउषा' १९४८ साली पाण्यात उतरली. त्यांनीच इंदापूर तालुक्यात उभारलेल्या वालचंदनगरला साखरेबरोबर यंत्रे होऊ लागली आणि पुढे 'अरिहंत'ची दातेरी चक्रांची पेटीही तेथेच घडली. उसाच्या रानातला कामगार असा समुद्राच्या तळाशी पोहोचला.

अण्वस्त्र प्रथम वापरायचे नाही, हे भारताचे जाहीर धोरण आहे. जमिनीवर घाला पडला तरी उत्तर देणारे कोणी शिल्लक आहे, हे शत्रूला कळावे, एवढ्यासाठी ही बोट. म्हणजे तिचे अस्त्र कधीच सुटले नाही, तरच तिचे काम फत्ते झाले म्हणायचे! आपल्या हातचे काम कधी वापरात येऊ नये, अशी इच्छा धरून ते बिनचूक करणे, हे कामगाराला वाटते तितके सोपे नाही.

यंत्राचे गुपित राखावे, हे मला मान्य आहे. परंतु सांधा जोडणाऱ्याचे, दाता कापणाऱ्याचे नावही त्याच कुलपात का राहावे? कंधारच्या राष्ट्रकूट राजांची नावे आपण घेतो. खंदक खणणाऱ्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. ती चूक पुन्हा होऊ नये, एवढेच माझे मागणे आहे.