मुलांचा राग, हट्ट, रुसवा : घरी काय करावं, मदत कुठे मिळते

मूल चिडलं की 'गप्प बस' म्हणणं सोपं. पण गप्प बसलेलं मूल शांत झालेलं असतंच असं नाही. भावना आवरणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. म्हणून चौथ्या वर्षीचा हट्ट किंवा चौदाव्या वर्षीची आदळआपट म्हणजे दरवेळी वाईट वळण नव्हे. भावना सांभाळणं शिकवावं लागतं.

घरी काय करावं

- आधी शांत करा, मग समजवा. रागाच्या भरात उपदेश डोक्यात शिरत नाही. जवळ बसा, आवाज खाली ठेवा.
- भावनेला नाव द्या. शाळेत कन्नड, गुजराती, हिंदी किंवा इंग्रजी असली, तरी घरच्या मराठीत 'हिरमुसलास का?', 'धास्ती वाटतेय?' असं विचारता येतं. शब्द सापडला की हातपाय आपटण्याची गरज कमी होते.
- राग चालेल, मारणं नाही. हा नियम मोठ्यांनाही लागू. मार खाऊन मूल मारायलाच शिकतं.
- घरात एकच उत्तर हवं. आई 'नाही' म्हणते आणि रडल्यावर आजी मोबाइल देते, तेव्हा रडणं कामाला येतं हेच मूल शिकतं. ठाम राहिल्यावर सुरुवातीला हट्ट वाढतो, मग ओसरतो.
- नेमकं कौतुक करा. 'शहाणा' म्हणण्यापेक्षा 'राग आला तरी वस्तू फेकली नाहीस' हे जास्त उपयोगी.
- किशोरवयीनांचा चारचौघांत पाणउतारा नको. झोप पुरी होते का, हेही पाहा.

दुर्लक्ष कधी करू नये

उदासी किंवा चिडचिड दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-जेवण बिघडलं, शाळा टाळणं सुरू झालं, तर डॉक्टरांना दाखवा. 'जगायचं नाही' असं मूल बोललं किंवा स्वतःला इजा केली, तर त्याच दिवशी मदत घ्या, त्याला एकटं सोडू नका. थेट विचारल्याने तसा विचार डोक्यात येतो, हा गैरसमज आहे.

मदत कुठे

- टेली-मानस, १४४१६ : ऑक्टोबर २०२२ पासून देशभर सुरू. मोफत, २४ तास. भाषा निवडता येते.
- चाइल्ड हेल्पलाइन, १०९८ : छळ, मारहाण किंवा संकटातल्या मुलांसाठी, २४ तास.
- सरकारी किशोर क्लिनिक : १० ते १९ वयोगटासाठी. महाराष्ट्रात 'मैत्री', कर्नाटकात 'स्नेहा', मध्य प्रदेशात 'उमंग' या नावाने विचारा.
- मोठी केंद्रं : गोव्यात बांबोळीची मनोरुग्ण व मानवी वर्तन संस्था, बेंगळुरूत निम्हान्स.